आज्जी घड्याळात काय बघायची?

पत्राचा गोषवारा : आज्जी जाऊन वर्ष होत आलं, दोन महिन्यांवर वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी ३२ पानांची छोटी स्मरणिका काढायचं घरात ठरलं आणि लिहायचं काम नातीकडे आलं. नात २९ वर्षांची, बेळगावात नोकरीला, मूळ गाव खानापूर तालुक्यात. आज्जी म्हणजे आईची आई, जन्म १९४६ चा. १९६७ ते २००४ अशी ३७ वर्षं त्या आरोग्य खात्यात ए.एन.एम. होत्या, गावच्या भाषेत नर्सबाई. बहुतेक नोकरी जांबोटी-कणकुंबीकडच्या उपकेंद्रांत झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आठ वर्षांच्या या नातीला स्वतःकडे ठेवून वाढवलं. मामांनी एक मजकूर आधीच लिहून दिलाय : 'प्रेमळ, सोशिक, साक्षात अन्नपूर्णा. नोकरी सांभाळून घराकडे कधीही दुर्लक्ष केलं नाही.' नातीला त्यात नर्स कुठंच दिसत नाही. आईला विचारायला गेली तर आई म्हणाली, "ती आम्हाला कुठं मिळाली? तुला मिळाली. तूच लिही." आणि उठून आत गेली. ट्रंकेत कागद आहेत, पण बरेचसे कन्नड. नातीला छापील कन्नड जमतं, हाताचं लागत नाही. धारवाडच्या मावशीच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. प्रश्न असा, की आज्जी म्हणून लिहू की नर्स म्हणून? आणि आईला न दुखावता हे होईल का?

उत्तर :

मामांच्या मजकुरात चुकीचं काही नाही. फक्त तो कुणाच्याही आज्जीला चालेल. नाव बदललं तर शेजारच्या गल्लीतही वाचता येईल. तुमची तक्रार रास्त आहे. पण तुम्ही जो पर्याय मांडलाय, आज्जी की नर्स, तोही मला पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे.

तुम्ही जाता जाता लिहिलंय : 'मावशीच्या धाकट्याला सर्दी झाली की आज्जी त्याला झोपवायची, सदरा वर करायची आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत गप्प बसायची. मला वाटायचं ती देवाचं काहीतरी म्हणते.' त्या देवाचं म्हणत नव्हत्या, श्वास मोजत होत्या. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायची ही पद्धत आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवली जाते. मूल शांत असताना पोट-छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले तर ते जलद. म्हणजे घरी काढा देत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण लहान मुलाचा श्वास एका लयीत चालत नाही. रडणाऱ्या मुलाचे मोजायचे नाहीत, आकडा फुगतो. म्हणून आधी झोपवणं, म्हणून गप्प बसणं. मावसभाऊ तेव्हा दोन-तीन वर्षांचा असावा, म्हणजे आज्जींच्या मनात ४० चा आकडा असणार.

दुसरी गोष्ट जुलाबाच्या पाण्याची. चमच्यातली साखर त्या सुरीच्या पात्यानं सपाट करायच्या म्हणून तुम्ही भावंडं हसायचात. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. शीग लावून साखर घातली तर जुलाब वाढू शकतात, आणि मीठ जास्त झालं तर ते लहान मुलाच्या जिवावर येऊ शकतं. सुरी फिरायची ती यासाठी.

आता सांगा, हे आज्जीचं काम की नर्सचं? तुमच्या वाट्याला आलेली माया हाताला ३७ वर्षं पडलेल्या वळणातून आली होती. तेव्हा स्मरणिकेची सुरुवात नेमणुकीच्या तारखेनंही नको आणि 'अन्नपूर्णा'नंही नको. घड्याळानं करा. मग मागे जा.

मागे जायचं कसं, ते आता सांगते, कारण बहुतेक घरांत गाडी इथंच अडते. आठवणी गोळा करायला लोक वही घेऊन बसतात आणि विचारतात, "आज्जी कशा होत्या?" उत्तर ठरलेलं : "लई बरी बाई." पुढं काहीच येत नाही. त्याआधी वर्षांची एक पट्टी करा. मोठा कागद आडवा घ्या, पाच रकाने पाडा : साल, आज्जींचं वय, नोकरीत काय, घरात काय, बाहेर काय. १९४६ ते आत्तापर्यंत एका वर्षाला एक ओळ. माणसांना साल आठवत नाही, पण 'तेव्हा' आठवतं. म्हणून शेवटचा रकाना आधी भरा. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आज्जी दहा वर्षांच्या होत्या. १९७२ चा दुष्काळ. १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. १९७५ ते ७७ आणीबाणी. १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन. १९९५ ला देशभर पल्स पोलिओ. मग कुणाला विचारलंत, "तुमच्या गावात आज्जी आल्या ते ८६ च्या गडबडीच्या आधी की नंतर?", तर उत्तर नेमकं येतं. आणखी एक गोष्ट या पट्टीत आपोआप दिसेल. तालुका न सोडता आज्जींचा जन्म मुंबई प्रांतातला, नेमणूक म्हैसूर सरकारची आणि निवृत्ती कर्नाटकातली. कागदांवरचे शिक्के बघा, तीन पिढ्यांचे वाटतील.

या पट्टीवर घरातली सालं चढवलीत की तुमच्या आईंच्या त्या एका वाक्याचा उलगडा होईल. आईंचा जन्म १९७०, मामा १९७३ चे, मावशी १९७६ च्या, असं तुम्ही लिहिलंय. आई आठ वर्षांच्या होत्या ते साल १९७८. त्याच वर्षी देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला आणि नर्सबाईच्या कामात लसीकरणाची भर पडली. आई पंधरा वर्षांच्या झाल्या तेव्हा, १९८५ पासून, तो सार्वत्रिक होऊ लागला. तुम्ही आठ वर्षांच्या झालात तेव्हा आज्जी ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्या, त्या वेळी कर्नाटकात निवृत्तीचं वय तेच होतं. म्हणजे आईंना मिळालेली आज्जी २४ ते ५८ वर्षांची, दिवसरात्र हाक येणारी. तुम्हाला मिळालेली ५८ च्या पुढची, पेन्शनर, दुपारी घरी असणारी. दोघी खऱ्या. "ती आम्हाला कुठं मिळाली" हे आईंनी रागानं म्हटलंय असं तुम्ही धरून चाललात. मला तर ते तुमच्या स्मरणिकेसाठी आलेलं सगळ्यात अचूक वाक्य वाटतं.

आज्जी घरी नसायच्या त्या काळातल्या एका दुपारचंच उदाहरण घ्या. गोवरची लस कुपीत कोरड्या भुकटीच्या रूपात येते. ती सोबतच्या द्रवात मिसळली की चार तासांच्या आत वापरायची, उरली तर फेकायची. क्षयाच्या बी.सी.जी. लसीचंही तसंच. सगळ्याच लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या, म्हणून खांद्याला लावायचा निळा डबा, आत चार आइसपॅक. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून डबा उचलायचा, वाडीवर जायचं, बायका भात लावणीला गेलेल्या असतील तर बांधावर जाऊन बोलवायचं, घड्याळ बघत कुपी फोडायची, मग परत येऊन उरलेल्या कुप्या केंद्रात जमा करायच्या. त्या काळी काचेच्या सिरिंजा आणि सुया, त्या धुऊन उकळणं वेगळं. बाळंतपणाचा निरोप आला तर पुढचा हिशोबच नाही. पावसाळ्यात कणकुंबीच्या बाजूला ओढा चढला की त्या दिवशी परत येणं होईल न होईल. शाळेला सुट्टी असलेल्या मुलांना आई दिसायची नाही ती यामुळे. आईंच्या मनात जे रिकामे दिवस आहेत, त्यांची कारणं या तपशिलात आहेत. पण एक पथ्य पाळा. ही कारणं आईंसमोर सफाई म्हणून मांडू नका. "आज्जीचा नाइलाज होता बघ" असं मुलीनं आईला समजावून सांगणं म्हणजे जखमेवर बोट. त्यांना कारणं ठाऊक आहेत. त्या घरातच होत्या.

मग आईंशी बोलायचं कसं? थोरल्या प्रश्नांनी नको. बारक्या, हाताला लागणाऱ्या प्रश्नांनी. शाळेत जाताना तुझी वेणी कोण घालायचं? रात्री कडी वाजली तर दार कोण उघडायचं? आज्जी बाहेर गेल्या की तू कुणाजवळ झोपायचीस? शेंगदाण्याची चटणी कोण कुटायचं? भाकरी कोण बडवायचं? या प्रत्येक उत्तरात बहुधा एकच नाव येईल, आज्जींच्या सासूबाईंचं. तुमच्या पत्रात त्या एकदाच येतात, 'पणजी होतीच घरी' एवढ्यावर. होतीच! अशा 'होतीच'च्या जिवावर त्या काळी बाईमाणसाची नोकरी व्हायची. मामांचं 'नोकरी सांभाळून घराकडे दुर्लक्ष केलं नाही' हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. ते आज्जींवर न केलेल्या कामाचं श्रेय लादतं आणि पणजींचं केलेलं काम पुसतं. स्मरणिकेत पणजींना एक पूर्ण पान द्या. फोटो नसला तरी चालेल, त्यांचा पाटा-वरवंटा किंवा उखळ असेल तर त्याचा फोटो टाका.

आणि आईंना त्यांचं पान द्या, आज्जींबद्दलचं, त्यांच्याच शब्दांत. लिहायला बसणार नाहीत, तर कामात असताना बोलू द्या, तुम्ही उतरवून घ्या, वाचून दाखवा, नको म्हणतील ते काढा. त्या पानात तक्रार आली तरी काढू नका. मामांना खुपलं तर सांगा, त्यांचंही पान आहेच, तेही तसंच जाणार आहे. आईंनी साफ नकार दिला, तर ते पान कोरं सोडून वर नुसतं त्यांचं नाव छापणं वगैरे नाटकं करू नका. गप्प राहायचा त्यांना हक्क आहे. अजून एक सावधगिरी. आज्जींनी तुमच्यावर केलेली माया ही मुलांना न दिलेल्या वेळाची परतफेड होती, असं लिहायचा मोह होईल, वाक्य छान जमतं. आज्जी स्वतः तसं कधी बोलल्या असतील तरच लिहा. नाहीतर तो तुमचा अंदाज, आणि आईंना तो फार लागेल.

'सेवा' या शब्दालाही जरा आवरा. नर्स म्हटलं की सेवेचं व्रत, त्यागाची मूर्ती हे लेखणीतून आपोआप उतरतं. आज्जी नोकरी करत होत्या, पगार घेत होत्या. पहिला पगार किती, तो कुणाच्या हातात दिला, त्यातून काय झालं हे शोधा. घराची कौलं, मामांची कॉलेजची फी, मावशीच्या लग्नातलं सोनं, सोसायटीचं कर्ज. पेन्शनमधून तुमची फी भरली गेली असेल तर तेही लिहा. बाईच्या पगाराची गोष्ट घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. छापून आली की बोलतील.

ट्रंकेतले कागद. नेमणुकीचा आदेश, बदल्यांचे आदेश, नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र, के.जी.आय.डी. म्हणजे कर्नाटक सरकारच्या विमा खात्याचे बॉण्ड, पेन्शनचा आदेश म्हणजे पी.पी.ओ., निरोप समारंभाचं मानपत्र, प्रशिक्षणाचा ग्रुप फोटो, यांतलं निम्मं तरी सापडतं. सगळ्यात दाट माहिती असते सर्व्हिस रजिस्टरमध्ये : जन्मतारीख, शिक्षण, प्रत्येक बदली, वेतनवाढ, रजेचा हिशोब. तालुका आरोग्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडून, आई किंवा मामांच्या सहीनं, प्रतीसाठी साधा अर्ज द्या. मिळालं तर उत्तम. पण दोन महिन्यांत मिळेल या भरवशावर पानं मोकळी ठेवू नका.

कन्नड हस्ताक्षराची एवढी धास्ती नको. सरकारी कागदात शब्द ठरावीक असतात आणि अर्धे आपल्या ओळखीचे : 'नेमकाती' म्हणजे नेमणूक, 'वर्गावणे' म्हणजे बदली, 'रजे' म्हणजे रजा, 'हेरिगे रजे' म्हणजे बाळंतपणाची रजा, 'इलाखे' म्हणजे खातं, 'निवृत्ती' तर निवृत्तीच. हे सहा शब्द कन्नड लिपीत एका चिठ्ठीवर लिहून कागदाशेजारी ठेवा आणि ओळीत ते शोधा, आकार डोळ्यांत बसतो. चूक होते ती आकड्यांत. कन्नड आकड्यांतला एक हा न मिटलेल्या वर्तुळासारखा असतो, घाईत लिहिला की शून्य वाटतो. सहा आणि नऊ एकमेकांत जातात. म्हणून कोणतीही तारीख एकाच कागदावरून घेऊ नका, वर्षांच्या पट्टीवर ठेवून बघा. बाळंतपणाची रजा १९७६ ऐवजी १९७९ निघाली तर मावशीच्या जन्माशी जुळणार नाही, चूक तिथंच पकडली जाईल. उरलेल्यासाठी कन्नड माध्यमात शिकवलेले एखादे निवृत्त मास्तर गाठा, एका दुपारचं काम आहे. या निमित्तानं एक प्रश्न माझ्याही मनात आला. मराठी शाळेत शिकलेल्या आज्जी महिन्याचे अहवाल कन्नडमध्ये लिहायला कधी आणि कुणाकडून शिकल्या? त्यांच्या बरोबरीच्या बायकांना हे जरूर विचारा.

आता बोलणी. निवृत्त सिस्टर, केंद्रातले जुने डॉक्टर, जीपचे ड्रायव्हर, गावातली सुईण किंवा तिची सून, उपकेंद्राशेजारचं घर. एका माणसाकडे एक तास, त्याहून जास्त नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करताना तो एरोप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा (डोक्यावरच्या पंख्यानं जितकी रेकॉर्डिंग वाया जातात तितकी दुसऱ्या कशानंच नाही), आणि सुरुवातीला तारीख, गाव, नाव मोठ्यानं बोला. घरी आल्यावर त्याच दिवशी फाईल दुसरीकडे उतरवा. प्रश्न वस्तूंपासून सुरू करा. पिशवीत काय काय असायचं? ब्लेड, नाळ बांधायचा दोरा, साबण, पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची नळी, वजनाचा काटा, लोहाच्या गोळ्या. काटा झोळीचा की पारड्याचा? पावसात पिशवी कशात गुंडाळायची? उपकेंद्राला किती गावं? सरकारी मापानं सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० माणसांमागे एक उपकेंद्र. पण जंगलपट्टीतल्या ३,००० माणसांच्या किती वाड्या होतात आणि त्यांच्यात किती मैल, ते माप सांगत नाही. वाड्यांची नावं लिहून घ्या आणि हातानं काढलेला नकाशा स्मरणिकेत घाला. माझ्या मते, फोटोंच्या चार पानांपेक्षा तो एक नकाशा जास्त बोलेल.

एक अवघड विषय टाळू नका. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. 'केसेस' आणायचं दडपण खालच्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचलं होतं, आणि कुटुंबनियोजनाची टार्गेटं त्यानंतरही १९९६ पर्यंत चालू होती. आज्जींनी ते कसं निभावलं, पगार अडला का, कुणाशी वाद झाला का, हे त्यांच्या बरोबरीच्या बायका सांगतील. आज्जी त्यात बऱ्या दिसतील असं नाही. दोन ओळी का होईना, लिहा.

पण या गोष्टी कुणाच्या ते मात्र लिहू नका. बाळंतपणं, दगावलेली बाळं, ऑपरेशनं, लग्नाआधीची पोटं, यांतलं एकही नाव छापायचं नाही. 'अमुक वाडी, तमुक साल' एवढ्यावरूनही गावात बाई ओळखू येते, तेव्हा दोन्हीपैकी एक गाळा. ट्रंकेत जुनं रजिस्टर किंवा डायरी निघाली तर तिच्या पानाचा फोटो 'छान हस्ताक्षर' म्हणून टाकू नका. 'माझं बाळंतपण बाईंनीच केलं, लिहा माझं नाव' असं कुणी आपणहून म्हटलं, तर छापायचं वाक्य त्यांना वाचून दाखवून मग घ्या. मुलगा-सून शेजारी नसताना विचारा.

छपाईचा हिशोब. मधे पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, तुमची ३२ बरोबर बसतात. ए-फाइव्ह आकार, १२ पॉइंट अक्षर धरलं तर पानावर साधारण २२५ शब्द मावतात. फोटो, नकाशा, पणजींचं पान वगळता तुमच्या हातात वीसेक पानं उरतील, म्हणजे साडेचार हजार शब्द. हे फार नाही. मामांना दोन पानं, आईंना दोन, मावशीला दोन आधीच कापून ठेवा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात अक्षर बारीक करायची वेळ येते आणि साठीच्या पुढच्यांना ते वाचता येत नाही. जुने छोटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. अल्बमला चिकटलेले उपटू नका, अख्खं पान स्कॅन करा. मावशीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, एरवी फोटो दबून येतो आणि छापल्यावर चेहरा पुसट होतो. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

प्रेसला मजकूर देण्याआधी विचारा, युनिकोड चालतं की जुना फॉन्ट. बदलून घेताना जोडाक्षरं मोडतात. 'ऱ्य', 'ष्ट्र', 'द्ध' आणि रफार असलेला प्रत्येक शब्द नव्या प्रुफात पुन्हा तपासा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवून बघायचं. वाड्यांची नावं आणि माणसांची आडनावं वेगळी काढून त्या त्या घरच्या माणसाकडून तपासा, कारण चूक झाली तर लोकांना पुढे तेवढीच आठवते. प्रती माणसांच्या हिशोबानं काढू नका, घरांच्या हिशोबानं काढा, वर वीस जादा. एक प्रत बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाला द्या.

धारवाडच्या भावंडांसाठी सगळ्याचं भाषांतर करत बसू नका, वेळ नाही. मधली दोन पानं कन्नडमध्ये द्या आणि त्यांत घड्याळाचीच गोष्ट घ्या, ज्याचा श्वास मोजला तो त्यांच्यातलाच आहे. ती त्यांनीच लिहिली तर फारच बरं. 'अज्जी' शब्द कन्नडमध्येही तोच आहे, मथळा बदलायला नको.

त्या दिवशी चार शब्द बोलायचे तर चार मिनिटं, म्हणजे साडेचारशे शब्द, त्यापेक्षा जास्त नाही. जेवणं खोळंबलेली असतात. लसीकरणाचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत सांगा, विशेषणं न लावता. प्रत्येक गोष्ट दोघांकडून पडताळलेली असू द्या. एकानंच सांगितलेली असेल तर 'असं सांगतात' म्हणा. आणि 'तरीही', 'सांभाळून', 'कधी तक्रार केली नाही' हे तीन शब्दप्रयोग लिहून झाल्यावर शोधून काढून टाका. तक्रार केली नाही की कुणी विचारली नाही, हे आपल्याला कुठं माहीत आहे?

तारखेचं एक सांगायचं राहिलं. श्राद्ध तिथीनं असतं. मधे अधिक मास आला तर ते तारखेच्या अठरा-एकोणीस दिवस पुढं जाऊ शकतं. प्रेसला तारीख देण्याआधी भटजींकडून तिथी पक्की करा. प्रेससाठी शेवटचे बारा दिवस राखून ठेवा, त्याआधी प्रुफांना एक आठवडा. उरलेल्यात बोलणी, आणि तीही तोंडावर पाऊस आलाय हे धरून. जांबोटीच्या वरच्या अंगाला आधी जाऊन या, खानापुरातली माणसं नंतरही भेटतील.

पण त्याहीआधी, उद्या सकाळी, त्या जीपच्या ड्रायव्हरना फोन करा. तुम्हीच लिहिलंय, ते ८१ वर्षांचे आहेत आणि संध्याकाळी त्यांना नीट ऐकू येत नाही.